ओरांगउटान एकटा का राहतो? उत्तर फळांत आहे

यावल तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "आमच्या शाळेमागच्या टेकडीवर वानरांच्या टोळ्या येतात. वर्गात ओरांगउटानचा विषय निघाला तेव्हा मुलांनी विचारलं, तो एवढा हुशार आहे तर आपल्या वानरांसारखा टोळीने का राहत नाही? तो केळी खातो का? आणि भारतात कुठे बघायला मिळेल?"

ताई, तीन प्रश्नांपैकी पहिला सगळ्यात मोलाचा आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की ओरांगउटानच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो. माझं काम वानरं आणि ओरांगउटान यांच्यावरच आहे. सुरुवात यावल आणि पालच्या जंगलात वानरांपासून झाली, पुढे आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटावर ओरांगउटानच्या मागे हिंडायला मिळालं. म्हणून उत्तराची सुरुवात तुमच्या टेकडीवरूनच करतो.

आपलं काळ्या तोंडाचं वानर मुख्यतः पाल्यावर जगतं. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यातले जिवाणू पानं आंबवून पचवतात. पळस, पिंपळ, उंबर, जे हिरवं दिसेल त्यातलं बरंचसं त्याला चालतं. पाला सगळीकडे असतो. एका झाडावर वीस वानरं बसली तरी एकविसाव्याच्या तोंडचा घास जात नाही. त्यामुळे टोळीत राहणं त्यांना परवडतं, आणि बिबट्या आला तर पहारा द्यायला जास्त डोळे मिळतात तो फायदा वेगळाच.

ओरांगउटानचं पोट मात्र तुमच्या-माझ्यासारखं साधं आहे. पानं तो खातो, पण त्यावर त्याचं भागत नाही. त्याला पिकलेली फळं हवीत. आणि बोर्निओचं जंगल बाहेरून कितीही हिरवंगार, घनदाट दिसलं तरी फळांच्या बाबतीत फार बेभरवशाचं आहे. तिथली सगळ्यात उंच झाडं डिप्टेरोकार्प कुळातली, म्हणजे मध्य भारतातला आपला साल ज्या कुळातला आहे त्याच कुळातली. ही झाडं वर्षानुवर्षं फळतच नाहीत. मग एखाद्या वर्षी, बहुतेकदा एल निनोच्या सुमारास, मैलोन्‌मैल पसरलेल्या जंगलातली शेकडो जातींची झाडं एकदमच बहरतात आणि फळांचा पूर येतो. झाडांच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे. बी खाणाऱ्या प्राण्यांना एवढं सगळं एकदम संपवता येत नाही आणि काही बिया रुजायला शिल्लक राहतात. पण खाणाऱ्याच्या दृष्टीने मधली वर्षं कठीण जातात.

आता यात ८०-९० किलोचा नर ठेवून बघा. मादीसुद्धा ३५-४० किलोची असते. झाडांवर राहणारा जगातला सगळ्यात वजनदार प्राणी हा. पिकलेल्या फळांचं एखादं झाड सापडलं तर त्यात एकाचं किंवा पिल्लासह आईचं पोट भरतं. चौघं असतील तर लगेच पुढचं झाड शोधावं लागतं, मग त्याच्या पुढचं, आणि हिंडण्यात जेवढी ताकद जाते तेवढी फळांतून भरून निघत नाही. म्हणून ओरांगउटान वेगवेगळे हिंडतात. हे एकटेपण पोटाच्या हिशोबातून आलेलं आहे, स्वभावातून नव्हे.

कशावरून? शेजारच्या सुमात्रा बेटावर गेलं की याचा पुरावा समोर दिसतो. तिथल्या ज्वालामुखीच्या मातीत जंगल जास्त फळतं. सुआक बालिंबिंग नावाच्या दलदलीच्या जंगलात ओरांगउटान एकमेकांच्या सोबतीने हिंडताना, पिल्लं एकमेकांशी खेळताना बोर्निओपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. बोर्निओतही एखादा मोठा वड-उंबराच्या कुळातला वृक्ष फळांनी लगडला की दोन-चार माद्या पिल्लांसह येतात, शांतपणे खातात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. ओळख आधीपासून असते, फक्त रोज एकत्र जेवायची सोय नसते. मुलांना हे अशा शब्दांत सांगितलं तर चटकन समजेल.

वेगळं राहूनही एकमेकांचा ठावठिकाणा ठेवावा लागतोच. ते काम मोठे नर करतात. पूर्ण वाढ झालेल्या नराच्या दोन्ही गालांवर जाड चरबीच्या गाद्या येतात आणि गळ्याखाली मोठी पिशवी लोंबते. तो मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ चालणारी खोल, गडगडती हाक देतो. दाट जंगलातही ती किलोमीटरभर ऐकू जाते. पहिल्यांदा ऐकली की अंगावर काटा येतो. कारेल व्हान शाइक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुआकमधल्या नरांच्या नोंदींवरून एक विलक्षण गोष्ट दाखवली. संध्याकाळी झोपण्याआधी नर ज्या दिशेला तोंड करून हाक देतो, दुसऱ्या दिवशी साधारण त्याच दिशेने निघतो. म्हणजे उद्या कुठे जायचं हे तो आजच ठरवतो आणि जाहीरही करतो. माद्या ते ऐकून आपला मार्ग आखतात, दुबळे नर बाजूला होतात.

नरांची आणखी एक गंमत मुलांना नक्की सांगा. वयात आलेल्या प्रत्येक नराला गालाच्या गाद्या येतातच असं नाही. काही नर वर्षानुवर्षं, कधी दहा वर्षांहून जास्त काळ, मादीएवढेच सडपातळ राहतात. त्यांनाही पिल्लं होतात. मग कधीतरी शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि थोड्याच काळात तो भारदस्त नर बनतो. एकाच प्रजातीत प्रौढ नराची अशी दोन रूपं सस्तन प्राण्यांत फार क्वचित आढळतात.

फळं नसतात तेव्हा काय? झाडाची साल सोलून आतला मऊ थर कुरतडायचा, कोवळी पानं, मुंग्या, वाळवी. शेरिल नॉट या संशोधिकेने पश्चिम बोर्निओतल्या गुनुंग पालुंगमध्ये या उपासमारीचा छडा लावला, आणि त्यांची पद्धत मला फार आवडते. ओरांगउटान पहाटे उठला की घरट्याच्या काठावरून लघवी करतो. उजाडण्याआधी त्या झाडाखाली जाऊन प्लास्टिक धरायचं आणि जमा झालेल्या लघवीत कीटोनची पट्टी बुडवायची. मधुमेही माणसांसाठी दवाखान्यात वापरतात तीच पट्टी. शरीर स्वतःची चरबी जाळू लागलं की पट्टीचा रंग बदलतो. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की बहराच्या दिवसांत मादी टंचाईच्या दिवसांच्या सुमारे चौपट ऊर्जा पोटात घेते, आणि टंचाईत साठवलेली चरबी अक्षरशः जाळून जगते. बहरात खाऊन लठ्ठ व्हायचं आणि उरलेली वर्षं त्यावर काढायची, हा या प्राण्याचा जगण्याचा मार्ग आहे.

म्हणूनच तो इतका सावकाश असतो. दिवसभरात किलोमीटरभरही जात नाही. २०१० मध्ये संशोधक हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा शरीराच्या आकाराच्या मानाने ओरांगउटानचा रोजचा ऊर्जाखर्च जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांपेक्षा कमी निघाला. लोक त्याला आळशी म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्याच्या मागे चालून बघितलं की कळतं, प्रत्येक हालचाल मोजून-मापून केलेली असते. हात पसरले तर दोन मीटरहून जास्त अंतर भरतं, पायही हातासारखे पकडतात, खुब्याचा सांधा कसाही वळतो. दोन झाडांमधलं अंतर मोठं असेल तर तो उडी मारत नाही. एवढ्या वजनाने फांदी मोडली तर संपलंच. तो लवचिक खोड धरून ते आपल्या वजनाने झुलवतो आणि पलीकडची फांदी हाताशी आली की पकडतो. पिल्लू मागे राहिलं तर आई दोन्ही झाडं हातापायांत धरून थांबते आणि पिल्लू तिच्या अंगावरून चालत पलीकडे जातं. हे दृश्य मी बघितलं आहे. तेव्हा वहीत नोंद करायची असते हे लक्षातच राहत नाही.

रोज संध्याकाळी तो नवीन घरटं बांधतो, तेही दहा मिनिटांच्या आत. जाड फांद्या पूर्ण न तोडता अर्धवट मोडून वाकवतो, म्हणजे त्या झाडाशी जोडलेल्या राहतात आणि वजन पेलतात. त्यांची वीण घालून वर बारीक डहाळ्या आणि पानांची गादी अंथरतो. पाऊस असेल तर डोक्यावर पानांचं छप्पर घेतो. २०१२ मध्ये अभियांत्रिकीच्या अंगाने या घरट्यांचा अभ्यास झाला. चौकटीसाठी जाड, मजबूत आणि गादीसाठी बारीक, कमजोर फांद्या तो निवडून घेतो असं त्यात दिसून आलं. ही कला जन्मजात येत नाही. पिल्लू पहिल्या वर्षापासून खेळण्यातली घरटी बांधून बघतं, आणि झोपण्याजोगं घरटं जमायला पुढे आणखी काही वर्षं जातात.

इथे आपण ओरांगउटानच्या आयुष्याच्या मुळाशी येतो. आपली वानरी साधारण दीड-दोन वर्षांनी विते. ओरांगउटान मादीच्या दोन पिल्लांमध्ये सात ते नऊ वर्षांचं अंतर असतं. सस्तन प्राण्यांत एवढं अंतर दुसऱ्या कुणाचं नाही. पहिलं पिल्लू होतं तेव्हा तीच पंधरा वर्षांची असते. म्हणजे पन्नास वर्षं जगली तरी तिच्या उभ्या आयुष्यात चार-पाच पिल्लं. २०१७ मध्ये दातांच्या अभ्यासातून दूध पिण्याचा काळही कळला. दुधातला बेरियम हा धातू दातांच्या थरांत साठत जातो, त्यामुळे कोणत्या वयात किती दूध मिळालं हे थर वाचून समजतं. काही पिल्लं आठ वर्षांची होईपर्यंत दूध पीत होती. फळं कमी झाली की दूध वाढायचं, फळं आली की कमी व्हायचं. एक प्रकारे आई आपल्या शरीरातून दुष्काळ निभावून नेते.

एवढं लांब बालपण कशासाठी? शिकण्यासाठी. शेकडो वनस्पतींपैकी कोणती खायची, कोणता भाग खायचा, ती जंगलात कुठे आहे, केव्हा पिकते, हे सगळं पिल्लू आईकडे बघून शिकतं. आई काही खात असली की ते तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन टक लावून बघतं आणि मग स्वतः करून बघतं. सुआकमध्ये नीसिया नावाचं फळ आहे. त्याचं कवच लाकडासारखं कठीण, आत बियांभोवती बोचरी कुसं. हाताला लागली तर जळजळ होते. तिथले ओरांगउटान काडीची साल काढून ती तोंडात धरतात, फळाच्या फटीत घालून कुसं झाडतात आणि मग बिया काढून खातात. पण अलास नदीच्या पलीकडच्या जंगलात तेच फळ असूनही कुणी काडी वापरत नाही. ओरांगउटानला पोहता येत नाही, त्यामुळे ही विद्या नदी ओलांडू शकली नाही. नद्या प्राण्यांच्या सीमा होतात हे आपल्यालाही नवीन नाही. उत्तरेकडचं लालतोंडं माकड आणि दक्षिणेकडचं टोपी माकड यांच्यातली पश्चिमेकडची जुनी सीमा तापीच मानली जाते.

बुद्धीचे दाखले खूप आहेत, मला सगळ्यात जवळचे दोन सांगतो. सुमात्रात संशोधकांनी वाघासारख्या पट्ट्यांची चादर पांघरून एका माणसाला जंगलातून रांगत नेलं. ओरांगउटान आया ते बघून गप्प राहिल्या, पिल्लांना जवळ ओढलं, आणि तो 'वाघ' दिसेनासा झाल्यावर काही मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी, धोक्याचा आवाज काढू लागल्या. धोका समोर असताना गप्प राहायचं आणि नंतर सांगायचं, म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल बोलणं. दुसरा दाखला राकुस या नराचा. २०२२ च्या जूनमध्ये सुआकमध्ये त्याच्या डोळ्याखाली मोठी जखम झाली. त्याने फायब्रॉरिया या वेलीची पानं चावली, रस जखमेला वारंवार लावला आणि शेवटी चोथ्याने जखम झाकून टाकली. तिथले लोक ही वेल औषध म्हणून वापरतात. पाच दिवसांत जखम मिटली. रानटी प्राण्याने औषधी वनस्पती स्वतःच्या जखमेवर अशी लावल्याची शास्त्रीय नोंद त्याआधी नव्हती.

आता केळी. आपण रावेर-यावलची माणसं, हा प्रश्न आपल्याकडूनच यायचा. आपण खातो तशी गोड, बिनबियांची केळी रानात वाढलेल्या ओरांगउटानच्या रोजच्या आहारात नसतात. त्याच्या हातात केळ्याचा घड असलेली छायाचित्रं बहुतेक पुनर्वसन केंद्रांतली किंवा जिथे सोडलेल्या प्राण्यांना जास्तीचं खाणं ठेवतात तिथली असतात. रानात त्याचं आवडतं फळ म्हणजे काटेरी सालीचा, उग्र वासाचा ड्युरियन, आणि अडीअडचणीचा आधार वड-उंबराच्या कुळातली फळं. यावलच्या ओढ्याकाठी उंबर पिकला की वानरं, धनेश, वटवाघळं सगळी गोळा होतात. तिथेही तेच घडतं. फळासोबत गिळलेल्या बिया ओरांगउटान दूरवर टाकतो, त्यातून जंगल उगवतं.

आणि तो माकड नाही. त्याला शेपूट नाही. चिंपांझी, गोरिला आणि माणूस ज्या महाकपींच्या कुळात येतात त्यातला, माणूस सोडला तर, तो आशियात उरलेला एकमेव. त्याची आणि आपली जनुकं सुमारे ९७ टक्के जुळतात. त्याच्या पूर्वजांशी आपल्या उपखंडाचाही संबंध आहे. शिवालिक टेकड्यांच्या थरांत सापडलेला शिवापिथेकस हा सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचा कपी. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर सापडलेला त्याचा चेहरा ओरांगउटानशी इतका जुळतो की त्याला याच शाखेजवळ ठेवतात. आज मात्र फक्त बोर्निओ आणि सुमात्रा उरले. बोर्निओचा एक, सुमात्राचा एक, आणि २०१७ मध्ये स्वतंत्र ठरलेला तापानुली. सुमात्रातल्याच तोबा सरोवराच्या दक्षिणेला बातांग तोरूच्या डोंगरात त्याचे ८०० सुद्धा उरलेले नाहीत. तिन्ही प्रजाती अतिसंकटग्रस्त आहेत.

बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले. जंगलं तोडली गेली, दलदली कोरड्या करून पेटवल्या गेल्या, आणि शिल्लक जंगलातही शिकार झाली. दर आठ वर्षांनी एक पिल्लू देणारा प्राणी हे भरून काढू शकत नाही. वर्षाला शंभरातला एक प्रौढ जरी जास्तीचा मेला तरी तापानुलीसारखी लहान संख्या संपण्याच्या वाटेला लागते. टंचाईत तगून राहायला जो सावकाशपणा उपयोगी पडला, तोच बंदूक आणि करवतीपुढे त्याला मारक ठरतो आहे.

यात आपलाही वाटा आहे, तो मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे, आणि ते बहुतांशी इंडोनेशिया-मलेशियातून येतं. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत मिळालेल्या 'आनंदाचा शिधा' संचात रवा, साखर, चणाडाळीसोबत एक लिटर पामतेल होतं. बिस्किटं, फरसाण, साबण यांतही ते असतं. पण पामतेलावर सरसकट बहिष्कार मला पटत नाही. एका हेक्टरातून शेंगदाणा किंवा सोयाबीनपेक्षा पाममधून कितीतरी पट तेल निघतं. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर आणखी जमीन लागेल. गरीब घरातल्या फोडणीला दोष देण्यातही अर्थ नाही. मागायचं ते एवढंच की नवं जंगल तोडून लावलेलं तेल नको. इंडोनेशियाने मूळ जंगल आणि दलदलींत नवे परवाने २०११ पासून थांबवले, २०१९ मध्ये ती बंदी कायम केली. अंमलबजावणीवर ग्राहक देशांचा दबाव राहिला तर तिला जोर येतो, आणि सगळ्यात मोठा ग्राहक आपण आहोत.

आणखी एक गोष्ट. कपडे घातलेल्या, बाटलीने दूध पिणाऱ्या ओरांगउटान पिल्लांचे व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर येतात. ते पुढे पाठवू नका. आई जिवंत असेपर्यंत पिल्लू तिच्या अंगावरून सुटत नाही. पाळण्यासाठी विकलेल्या पिल्लामागे बहुतेक वेळा मारलेली आई असते.

भारतात बघायला मिळेल का? हो, मैसूरच्या प्राणिसंग्रहालयात. त्याआधी बिन्नी नावाची मादी पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात होती. २००३ मध्ये तिला ओडिशातल्या नंदनकाननला नेलं आणि २०१९ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी ती तिथेच गेली. तेव्हा देशातली ती एकमेव ओरांगउटान होती. २०२४ मध्ये मलेशियाच्या मंत्र्यांनी पामतेल घेणाऱ्या देशांना ओरांगउटान भेट देण्याची कल्पना मांडली, त्यात भारताचंही नाव होतं. टीका झाल्यावर प्राणी मलेशियातच ठेवायचं ठरलं. ते योग्यच झालं.

ज्यांना कधी जमेल त्यांनी बोर्निओत जावं. मलेशियाच्या बाजूला सांदाकानजवळ सेपिलोकचं पुनर्वसन केंद्र आहे, १९६४ पासूनचं. मला विचाराल तर इंडोनेशियातलं तांजुंग पुतिंग राष्ट्रीय उद्यान. बिरुते गाल्डिकास या संशोधिकेने १९७१ मध्ये तिथे काम सुरू केलं. पांगकालान बुनजवळच्या कुमाई बंदरातून सेकोन्येर नदीने लाकडी होडीने जातात. जून ते सप्टेंबर हा कोरडा काळ बरा. आपले सर्दी-खोकल्याचे विषाणू त्यांना होतात, म्हणून मास्क लावा, दहा मीटर लांब राहा, खाऊ देऊ नका. अंगात कणकण असेल तर त्या दिवशी जंगलात न जाता होडीतच थांबा.